परसातल्या कोंबडीचे पंख छाटावेत का?

शेजारच्या वाफ्यात घुसणाऱ्या कोंबडीला आवरायचे, तर हाती कात्री घ्यावी की कुंपण उंच करावे? प्रश्न दिसतो लहान. पण त्यात शेजाऱ्याशी असलेला सलोखा आहे, घरच्या अंड्यांची टोपली आहे आणि एका मुक्या जिवाचे प्राणही आहेत.

सकाळचे दहा वाजलेले असतात. मुले शाळेत आणि मोठी माणसे कामावर गेलेली. चहाचा दुसरा कप घेऊन काकू जरा टेकतात, तोच भिंतीपलीकडून हाक येते, "काकी, तोर कुकरी ह फेर हमर बारी म खुसरगे!"

काकू पदर खोचून धावतात. कालच पेरलेला लालभाजीचा वाफा कोंबडीने पायांनी उकरून सपाट केलेला असतो. दोन रोपटी उपटलेली, माती वाटेवर उडालेली. कोंबडी मात्र जणू आपल्याच अंगणात असल्यासारखी किडे टिपत फिरत असते. तिला हाकलायला जावे, तर पंख फडफडवून ती जामाच्या झाडावर आणि तिथून पुन्हा भिंतीवर! शेजारीण पहिल्यांदा हसते, दुसऱ्यांदा गप्प राहते. तिसऱ्यांदा मात्र तिच्या आवाजात धार येते.

मग संध्याकाळी घरात चर्चा होते. आजोबांचे मत, "पंख छाटून टाका, झाले!" मुलगी रडवेली होते, "तिला दुखेल ना!" आणि अंडी स्वयंपाकघरात येऊ न देणाऱ्या आजी म्हणतात, "नसती ब्याद आणलीच कशाला मुळात?"

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांत हा प्रसंग कधी ना कधी घडतोच. आजोबा बरोबर की मुलगी, याचे उत्तर शोधायचे तर कोंबडी, तिचे पंख आणि आपले परस या तिन्हींची नीट ओळख करून घ्यायला हवी.

रायपूरची 'बारी'

रायपूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तो १८५४ मध्ये संपला. पुढेही १९५६ पर्यंत या भागाचा कारभार नागपूरहूनच चाले. त्यामुळे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली कितीतरी मराठी कुटुंबे इथे रुजली. तात्यापारासारख्या वस्तीच्या नावातच मराठी संबोधन ऐकू येते.

या गावात घरामागच्या मोकळ्या जागेला 'बारी' म्हणतात. आपल्याकडचे परस किंवा वाडी तीच. दोन-चार वाफे भाजी, एखादे पपईचे झाड, एखादे जामाचे (रायपूरकडे आणि विदर्भातही पेरूला जाम म्हणतात) आणि जमेल तिथे कोंबड्यांचे खुराडे, हे बारीचे रूप. २०१८ मध्ये सत्तेवर आलेल्या राज्य सरकारने 'नरवा, गरवा, घुरवा, बारी' अशी घोषणा दिली होती. नरवा म्हणजे ओढा, गरवा म्हणजे गुरे, घुरवा म्हणजे खताचा खड्डा आणि बारी म्हणजे परस. खेड्यातल्या संसाराचे हेच चार आधार, असा त्यामागचा विचार होता.

कोंबडी या बारीत चपखल बसते. घरातला उरलेला भात, भाजीचे देठ, गिरणीतली कनकी आणि कोंडा यांवर ती पोट भरते, किडे खाते, खत देते आणि वर अंडीही. पण १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर राजधानी झाल्यापासून शहर झपाट्याने वाढले. मोठी आवारे तुकड्यातुकड्यांत विभागली गेली, भिंतीला भिंत लागली. पूर्वी कोंबडी उडून फार तर आपल्याच वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाई. आता तिची एक झेप म्हणजे थेट शेजाऱ्याचे अंगण.

उडणे तिच्या रक्तातच

कोंबडी उडत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नाही. जगभरातल्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे आपल्याकडचा तांबडा रानकोंबडा. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डार्विनने हे मत मांडले आणि पुढच्या संशोधनाने त्याला बळकटी दिली. हा रानकोंबडा आजही छत्तीसगडच्या जंगलात आहे. जिथे सालवृक्षांचे रान, तिथे तांबडा रानकोंबडा, असे नाते पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी नोंदवले आहे. अचानकमारच्या सालवनात पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. आपल्या सह्याद्रीत आढळतो तो मात्र करडा रानकोंबडा.

रानकोंबडा दिवसभर जमिनीवर चरतो. धोका दिसला की एकदम झेप घेतो आणि रात्र झाडाच्या फांदीवर काढतो. परसातल्या कोंबडीने या तिन्ही सवयी जपल्या आहेत. तिच्या छातीचे स्नायू पांढरट असतात. ते क्षणभर प्रचंड जोर लावतात, पण लगेच थकतात. म्हणून कोंबडी कबुतरासारखी आकाशात विहार करीत नाही. मात्र पाच फुटांच्या भिंतीवर चढायला तिला तो क्षणभराचा जोर पुरेसा होतो.

म्हणजेच शेजारच्या वाफ्यात जाणारी कोंबडी द्वाड नसते. ती आपल्या पूर्वजांचेच शहाणपण वापरीत असते.

कोणती उडते, कोणती नाही?

सगळ्याच कोंबड्या सारख्या उडत नाहीत. हलक्या अंगाची कोंबडी उडते, जड अंगाची बसून राहते, हा साधा नियम आहे.

गावठी कोंबडी हलकी, चपळ आणि सावध असते. भिंत ओलांडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. काळ्या मांसासाठी प्रसिद्ध असलेली कडकनाथही याच पठडीतली. मूळची मध्य प्रदेशातील झाबुआची ही जात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. छत्तीसगडमध्ये दंतेवाडा भागातही ती मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. कडकनाथ आणायची तर पहिल्या दिवसापासून उंच कुंपणाचा विचार करावा. पांढरी लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण ती बुजरी असते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकून उडते.

असील ही झुंजार जात. बस्तरच्या आठवडी बाजारांत कोंबड्यांच्या झुंजी लावल्या जातात, त्यांत ती दिसते. अशा झुंजी लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे मात्र विसरू नये. असील अंगाने भारदस्त, पाय लांब. ती फारशी उडत नाही, पण उडी चांगली मारते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने खास परसासाठी तयार केलेली वनराजा ही जात वजनदार आहे. मोठी वनराजा कोंबडी सहसा उंच भिंत ओलांडत नाही. तिच्या तलंगा मात्र, वजन भरेपर्यंत, चांगल्याच उडतात. ऱ्होड आयलंड रेड मध्यम जड असते, तर ब्रॉयलर कोंबडीला स्वतःचे शरीरच पेलवत नाही.

तेव्हा ज्यांच्या परसाची भिंत ठेंगणी आहे, त्यांनी कोंबडी घेतानाच जात पाहून घ्यावी. कात्रीचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

छाटणे म्हणजे नेमके काय?

पंख छाटणे म्हणजे पंख तोडणे नव्हे. गैरसमज इथेच होतो.

कोंबडीचा पंख पसरला की टोकाच्या बाजूला दहा लांब, ताठ पिसे दिसतात. झेप घेताना हवा मागे लोटण्याचे मुख्य काम त्यांचे. शरीराकडच्या बाजूला त्यांच्यापेक्षा आखूड पिसांची दुसरी रांग असते. पंख मिटला की टोकाची दहा पिसे या रांगेखाली झाकली जातात. छाटायची ती हीच दहा पिसे, तीही एकाच पंखाची. एका बाजूची पिसे कापली की झेप घेताना कोंबडीचा तोल जातो, ती एका अंगाला वळते आणि उंची गाठू शकत नाही. दोन्ही पंख सारखे छाटले तर तोल राहतो. मग हलकी कोंबडी जोर लावून पुन्हा भिंत गाठते.

पूर्ण वाढलेल्या पिसाचा दांडा पांढुरका आणि आतून कोरडा असतो. आपली नखे ज्या द्रव्याची बनतात, तशाच द्रव्याचे पीस असते. त्यामुळे असे पीस कापताना कोंबडीला दुखत नाही. मुलीची भीती इथे दूर व्हायला हरकत नाही. वर्षातून एकदा कोंबडी पिसे टाकते, तेव्हा कापलेले तुकडेही गळतात आणि त्या जागी नवी पिसे येतात. म्हणजे छाटणी कायमची नसते.

मात्र पंखाचे शेवटचे हाडच सांध्यातून कापून टाकण्याचा एक क्रूर प्रकार परदेशात बदके-हंसांच्या बाबतीत चालत आलेला आहे. त्याचा आणि पिसे छाटण्याचा काहीही संबंध नाही. प्राण्याचा अवयव तोडणे, त्याला विनाकारण वेदना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. तसेच कोंबडीचे पाहून कोणी पोपटाचे किंवा मैनेचे पंख छाटायला जाऊ नये. पहाडी मैना तर छत्तीसगडचा राज्यपक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हे पक्षी घरात ठेवताच येत नाहीत.

पंख गेले की पळायचे कसे?

मग आजोबांचे म्हणणे मान्य करून कात्री आणावी का? थोडे थांबावे. पिसे कापताना दुखत नाही हे खरे. पण पंखाचा कोंबडीला उपयोग काय, हा प्रश्न अजून बाकीच आहे.

भरदुपारी गल्लीतली दोन कुत्री उघड्या फाटकातून आत शिरतात. पंखवाली कोंबडी एका झेपेत जामाच्या फांदीवर जाते आणि वरून कलकलाट करीत राहते. पंख छाटलेली कोंबडी भिंतीकडे धावते, उडी मारते, कलंडून खाली पडते. पुढचे सांगायला नको. मुंगूस आणि मांजर यांच्या बाबतीतही तेच. या शत्रूंपुढे कोंबडीजवळ ना दात, ना नखांचे बळ. पळणे आणि झेप घेणे एवढेच तिचे शस्त्र. आपण छाटतो ते तेच.

म्हणून या प्रश्नाचे मर्म कोंबडीच्या पंखात नसून आपल्या कुंपणात आहे. ज्या परसाला पक्के कुंपण नाही, जिथे कुत्री-मांजरे सहज येतात, तिथे कोंबडीचे पंख छाटणे म्हणजे तिला शत्रूच्या स्वाधीन करणे. आणि जिथे चहूबाजूंनी कुंपण भक्कम आहे, रात्रीचे खुराडे बंद आहे, तिथे छाटलेल्या पंखांनीही कोंबडी सुखाने जगते. गंमत अशी, की कुंपण भक्कम आणि पुरेसे उंच केले की बहुतेक वेळा छाटण्याची गरजच उरत नाही!

आणखीही काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अंड्यांवर रवणीला बसलेली खुडूक कोंबडी पुढे पिल्लांना पंखांखाली घेऊन ऊब देते. तिची पिसे कापू नयेत. पिल्लांवर घार झडप घालते तेव्हा तीच पंख फुलवून आडवी येते. पिल्लांची आई असलेल्या कोंबडीला तर सगळे पंख हवेतच. पिसे कापलेली कोंबडी उंच दांडीवर चढू शकत नाही. चढली तर उतरताना धपकन पडते आणि तळपायाला जखम होते. तिच्यासाठी खुराड्यातली दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नसावी.

आधी कारण शोधावे

कोंबडी भिंत ओलांडते ती बहुधा काही कारणाने. ते कारण दूर केले तर कात्रीला हात लावावा लागत नाही.

पहिले कारण भूक. परसातले हिरवे आणि किडे संपले की ती पलीकडे पाहू लागते. सकाळी सोडताना मूठभर कनकी, कोंड्यात कालवलेले उरलेले अन्न आणि भाजीपाला दिला तर तिची भटकंती कमी होते. भाजीची जुडी दोरीने टांगून ठेवावी. तिला टोचा मारण्यात कोंबड्यांचा वेळ मजेत जातो.

दुसरे कारण दाटी. खुराड्यात रात्री झोपण्यापुरती प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट जागा चालते, पण दिवसा फिरायला निदान आठ-दहा चौरस फूट हवेत. दाटी झाली की भांडणे होतात आणि मार खाणारी कोंबडी भिंतीवर चढते. अशा वेळी दोष तिचा नसतो. कोंबड्या कमी करणे हाच उपाय.

तिसरे कारण अंडे घालायची जागा. खुराड्यात अंधारी, शांत, गवत घातलेली पेटी नसेल तर कोंबडी आडोसा शोधत शेजारच्या लाकडांच्या ढिगामागे जाते. मग अंडी कोणाची, यावरून वेगळाच वाद! कोंबड्या बहुधा सकाळच्या वेळात अंडी घालतात. त्यांना अकरा वाजेपर्यंत खुराड्यातच ठेवून नंतर सोडले की अंडी घरात राहतात आणि भटकण्याचे तासही कमी होतात. दिवस मावळताना त्या आपणहून परततात. त्या वेळी डबा वाजवून रोज थोडे दाणे टाकावेत. आठवड्याभरात डब्याच्या आवाजाला कोंबड्या धावत येऊ लागतात. शेजारी गेलेली कोंबडी परत बोलावण्याचा इतका सोपा उपाय दुसरा नाही.

चौथे कारण आपण स्वतःच पुरवलेली शिडी. भिंतीला लागून ठेवलेल्या विटा, पाण्याची टाकी, जुना ड्रम, झाडाची कललेली फांदी यांवरून कोंबडी टप्प्याटप्प्याने वर चढते. अशा वस्तू भिंतीपासून दूर हलवाव्यात. एवढ्यानेही कित्येकदा काम भागते.

हे सगळे करूनही भागले नाही तर कुंपण वाढवावे. चार फुटी भिंतीवर दोन-तीन फूट नायलॉनची जाळी ताणून बांधावी. जाळीच्या वरच्या काठाला लाकडी पट्टी किंवा जाड बांबू मात्र लावू नये. कोंबडी उडण्याआधी बसायला जागा कुठे आहे ते पाहते. टेकायला काठ दिसला नाही तर ती सहसा उडतच नाही. परस लहान असेल तर वरूनही हिरवी जाळी टाकावी. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा हीच जाळी सावली देते आणि घार, शिक्रा यांनाही अडवते. एका खर्चात तीन कामे होतात.

छाटायचेच ठरले तर

एवढे करूनही एखादी कोंबडी ऐकतच नाही. सहा कोंबड्यांत अशी एखादीच निघते. तेव्हा सरसकट सगळ्यांची पिसे कापू नयेत, त्या एकीचीच कापावीत. कुंपण कुत्र्या-मांजरांपासून सुरक्षित आहे, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

वेळ निवडणे महत्त्वाचे. पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की कोंबड्या पिसे टाकू लागतात. त्या काळात अंडीही थांबतात. नवी पिसे पूर्ण वाढून कडक झाली की मगच छाटावे, म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत पाहावे लागत नाही. पाच-सहा महिन्यांच्या आतल्या तलंगांची पिसे वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा बदलत असतात. त्यांच्यावर कात्री चालवणे व्यर्थ आणि धोक्याचेही.

हे काम संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर करावे. कोंबडी तेव्हा शांत असते. एप्रिल ते जूनमध्ये दुपारी तिला धरण्याचा खटाटोप मुळीच करू नये. उन्हाने ती आधीच चोच उघडून धापा टाकत असते. धावपळीने दगावूही शकते.

दोन माणसे असावीत. एकाने कोंबडीला जुन्या कापडात सैल गुंडाळून काखेत धरावे. छाती आवळू नये, नाहीतर तिला श्वास घेता येत नाही. दुसऱ्याने एक पंख हळूच पसरवावा आणि उजेडासमोर धरून प्रत्येक पिसाचा दांडा पाहावा. दांडा पांढुरका असेल तर पीस तयार आहे. दांडा निळसर, काळपट किंवा लालसर दिसला तर त्यात रक्त आहे. वाढत्या पिसाला रक्तपुरवठा चालू असतो. असे पीस कापले तर दुखते आणि रक्त वाहते. ते सोडून द्यावे. बहुतेक पिसे तशीच दिसली तर तो दिवसच सोडून द्यावा.

पंखावर वरच्या बाजूला लहान पिसांचा एक थर असतो. तो जिथे संपतो, त्या रेषेच्या थोडे बाहेर, धारदार कात्रीने टोकाकडची दहा पिसे एकेक करून कापावीत. त्या थराच्या आत कात्री जाऊ देऊ नये. मुळाशी जिवंत भाग असतो. पिसे उपटणे तर सर्वस्वी वर्ज्य. त्याने वेदना होतात आणि नवे पीसही लगेच उगवू लागते. सगळ्या कोंबड्यांचा नेहमी एकच पंख, समजा डावा, छाटावा. पुढे गोंधळ होत नाही.

चुकून रक्त आलेच तर घाबरू नये. स्वच्छ कापसावर थोडे कॉर्नफ्लोअर किंवा हळद घेऊन काही मिनिटे दाबून धरावे. त्या कोंबडीला एक-दोन दिवस वेगळे ठेवावे, कारण लाल रंग दिसला की इतर कोंबड्या नेमक्या तिथेच टोचतात. रक्त थांबत नसेल तर पशुवैद्यकाकडे न्यावे. शासकीय पशुचिकित्सालयात कोंबड्यांनाही तपासतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

छाटणीनंतर दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे. कोंबडी आता उडत नसली तरी चढते. विटांचा ढीग भिंतीजवळ तसाच असेल तर छाटलेली कोंबडीही पलीकडे पोचते आणि परत मात्र येऊ शकत नाही.

शेजाऱ्याचा हक्क

या साऱ्यात शेजारणीची बाजू विसरून चालणार नाही. तिने घाम गाळून वाफा तयार केलेला असतो. "मुकी जनावरे आहेत, चालायचेच" हे म्हणण्याचा हक्क तिचा, आपला नव्हे. कोंबडीने नुकसान केले तर आपणहून जाऊन वाफा नीट करून द्यावा, चार अंडी द्यावीत, कुंपणाचे काम केव्हा होणार ते सांगावे. वाफ्यावर घालायला तिला बारीक जाळीही आणून द्यावी. उगवती रोपे वाचली की अर्धा राग निवळतो.

आरोग्याचाही प्रश्न आहे. घरोघर फिरणारी कोंबडी रोगही घरोघर नेते. राणीखेत या रोगाने पाहता पाहता खुराडी ओस पडतात. त्याची लस वेळेवर टोचून घेणे हाच उपाय. बर्ड फ्लूचा अनुभवही ताजा आहे. देशात तो प्रथम २००६ मध्ये महाराष्ट्रातील नवापूरला आढळला. २०२५ च्या सुरुवातीला छत्तीसगडमधील रायगढच्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रातही तो शिरला. अशी साथ आली की मोकळ्या कोंबड्या आवारात बंद ठेवाव्या लागतात. त्या वेळी पंख छाटलेले आहेत की नाहीत हे कोणी विचारत नाही, कुंपण आहे की नाही एवढेच विचारले जाते. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर उघड्या हातांनी त्यांना स्पर्श करू नये, पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे.

निर्णय कसा घ्यावा?

आजोबांचे म्हणणे अगदीच चूक नाही. योग्य वेळी, योग्य पिसे, एकाच पंखाची कापली तर कोंबडीला इजा होत नाही. पण तो पहिला उपाय नव्हे, शेवटचा. मुलीची शंकाही खोटी नाही. दुखत नसले तरी काहीतरी हिरावले जाते आणि त्याची भरपाई आपल्यालाच करावी लागते. ज्या कोंबडीचे पळून जाण्याचे साधन आपण काढून घेतले, तिच्या रक्षणाची पूर्ण जबाबदारी त्या क्षणापासून आपली होते. रात्री खुराड्याची कडी लावायला एक दिवस विसरले, तर ती स्वतःला वाचवू शकणार नाही.

म्हणून कात्री हाती घेण्याआधी घरातल्यांनी मिळून परसात एक फेरी मारावी. भिंत किती उंच आहे, विटा कुठे रचल्या आहेत, फाटकाखाली किती फट आहे, खुराड्याची कडी नीट लागते का, अंड्यांची पेटी आहे का, हे पाहावे. बहुतेक घरांत या फेरीतच उत्तर सापडते. विटा हलतात, जाळी लागते, दाण्याचा डबा वाजू लागतो आणि पलीकडच्या बारीत लालभाजी पुन्हा उगवून येते. आठ-पंधरा दिवसांनी भिंतीपलीकडून पुन्हा हाक येते, "काकी!" काकूंच्या छातीत धस्स होते. पण या खेपेला शेजारणीच्या हातात ताज्या लालभाजीची जुडी असते.